मोरजीला काइटबोर्डिंग शिकायचे आहे: सुरुवात कशी आणि कधी करावी?

मांडवीकाठ

नमस्कार. मी फोंड्याला राहते आणि नोकरीसाठी रोज पणजीला जाते. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मोरजीच्या किनाऱ्यावर काही जण मोठ्या पतंगांच्या ओढीवर पाण्यावरून सरकत जाताना पाहिले, आणि तेव्हापासून हा खेळ शिकण्याचे मनात आहे. मला तरणतलावात बऱ्यापैकी पोहता येते, समुद्रात मात्र कंबरभर पाण्यापलीकडे मी कधी गेलेले नाही. सर्फिंग, विंडसर्फिंग यांपैकी काहीच केलेले नाही. वजन ५८ किलो आहे आणि चष्मा आहे.

माझे प्रश्न साधे आहेत. शिकण्यासाठी कोणते महिने चांगले? शनिवार-रविवार जाऊन शिकता येईल का? पतंग आणि फळी आधी विकत घ्यावी का? घरच्यांना सर्वांत मोठी भीती ही वाटते की वाऱ्याने मला उचलून नेले तर काय करायचे, आणि खरे सांगायचे तर ती भीती मलाही आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

खारावारा

मांडवीकाठ ताई, तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो, कारण सामान घ्यावे की नाही हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि वारा कधी येतो हा सर्वांत आधी.

गोव्यात पावसाळ्याबाहेर या खेळाला मिळणारा वारा हा मुख्यतः खारा वारा आहे. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. मोरजीत ते अंगावर घेता येते इतकेच. त्यामुळे सकाळी आठ वाजता उत्साहाने किनाऱ्यावर पोहोचून काही उपयोग नसतो. हिवाळ्यात तर सकाळी उलट मतलई वारा असतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, आणि त्या वाऱ्यात नवशिक्याने पतंग वर काढूच नये, कारण काही बिघडले तर माणूस किनाऱ्याकडे न येता खोल समुद्राकडे जातो. साधारण बारा-एकच्या सुमारास वारा फिरतो, वायव्येकडून येऊ लागतो, दोन ते पाच या वेळात भरतो आणि सूर्य मावळता मावळता पडतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे समुद्राकडे पाहत उभे राहिले तर हा वारा उजव्या हाताने, तिरका आणि थोडा आपल्या दिशेने येतो. शिकणाऱ्यासाठी हीच दिशा सर्वांत सोयीची, कारण फळी सुटली, पतंग पडला, माणूस दमला, तरी सगळे हळूहळू किनाऱ्यालाच लागते.

हंगाम नोव्हेंबरपासून सुरू होतो असे म्हणतात आणि शाळाही तेव्हापासून उघडतात, पण नोव्हेंबर-डिसेंबरचा वारा भरवशाचा नसतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ मी सुचवेन. तेव्हा चांगल्या दिवशी वारा १२ ते १६ नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी साधारण २२ ते ३० किलोमीटर. मे महिन्यात वारा असतो, पण मॉन्सूनपूर्व गडगडाटी ढग आले की पाच मिनिटांत वाऱ्याची दिशा आणि वेग दोन्ही बदलतात, आणि ते दिवस ओळखण्याइतकी नजर नवशिक्याला नसते.

आता शनिवार-रविवारचा प्रश्न. दिवसाला वारा मिळतो तीन-चार तास, त्यातही काही दिवस तो येतच नाही. शनिवारी थोडे शिकलात, रविवारी वारा आला नाही, पुढचा आठवडा लग्नकार्यात गेला, की हात सगळे विसरतो आणि तिसऱ्या वेळी तुम्ही पुन्हा पहिल्याच धड्यापाशी उभ्या असता. गोव्यात राहणाऱ्या बहुतेकांचे शिक्षण याच कारणाने अर्धवट सुटते, भीतीमुळे किंवा पैशांमुळे नव्हे. म्हणून मार्चमध्ये सलग आठ-दहा दिवसांची रजा काढा, वाऱ्याचे जेवढे दिवस मिळतील तेवढे घ्या, आणि फळीवर उभे राहता येऊ लागले की मग शनिवार-रविवार सुरू करा. फोंड्याहून रोज ये-जा करणे शक्य असले तरी त्या दिवसांत मोरजीला किंवा शेजारच्या आश्वेला राहिलेले बरे, कारण वारा दोनला आला की अडीचला पाण्यात असायला हवे.

शिकण्याचा क्रम जगभर जवळपास सारखाच आहे. पहिला टप्पा वाळूवरचा, दोन-तीन चौरस मीटरच्या लहान पतंगाचा. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या माणसाला इथे एक सवय मोडावी लागते: तिथे पतंग बिथरला की आपण मांजा ओढतो, इथे दोऱ्या जोडलेली, हातात धरायची दांडी अंगाकडे ओढली की ताकद वाढते आणि दांडी सोडून दिली की कमी होते. घाबरलेला माणूस हाती असलेले घट्ट धरतो, आणि या खेळात नेमके तेच करायचे नसते. लहान पतंगावर चालवलेले तास या एका सवयीसाठी असतात, आणि ते टाळून थेट पाण्यात नेणाऱ्या शिक्षकाकडे मी जाणार नाही.

त्याच वेळी तुम्हाला वाऱ्याची खिडकी शिकवली जाईल. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यावर समोर घड्याळाची तबकडी कल्पायची: डोक्यावर बारा, डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. कडेकडेने, म्हणजे बारावर, नऊवर किंवा तीनवर, पतंग शांत असतो. तबकडीच्या मधून, खाली समोरून गेला की त्याची ओढ सर्वांत जास्त. पतंगाची ताकद वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे १० नॉटचा वारा १४ झाला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते. आकडा चारने वाढला म्हणून जे दुर्लक्ष करतात, त्यांना हा हिशोब वाळूवर फरफटत गेल्यावर समजतो.

त्यानंतर खरा पतंग, म्हणजे हवा भरलेल्या नळ्यांचा. हा प्रकार फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी काढला आणि १९८४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. हवेच्या नळीमुळे तो पाण्यावर तरंगतो आणि पडल्यावर पुन्हा उचलता येतो. हा शोध नसता तर नवशिक्यांना हा खेळ शिकवता आलाच नसता. या पतंगाने आधी फळीशिवाय, पोटावर पडून, पाण्यातून ओढत जायचे. त्याला बॉडी ड्रॅग म्हणतात. पुढे एक हात पाण्यात सुकाणूसारखा धरून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, सरकायचे, कारण सुटलेली फळी बहुतेक वेळा तिकडेच राहिलेली असते. पुष्कळ जणांना हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि ते शिक्षकामागे फळीसाठी लकडा लावतात. कृपया लावू नका.

घरच्यांच्या भीतीचे उत्तर सुटकेच्या साधनांत आहे. कमरेच्या हार्नेसला, म्हणजे अंगाला घट्ट बांधलेल्या रुंद पट्ट्याला, दांडीची कडी अडकवलेली असते, त्या कडीवर बहुतेक वेळा लाल रंगाची एक मूठ असते. ती पुढे ढकलली की कडी उघडते, दांडी सुटून दूर जाते, पतंग एकाच दोरीवर लटकतो आणि त्याची ओढ जवळपास संपते. ती एक दोरी लीश नावाच्या छोट्या जोडदोरीने तुमच्या हार्नेसला बांधलेली असते. तीही सोडण्याची वेगळी सोय असते, पतंग दुसऱ्याच्या दोऱ्यांत किंवा जाळ्यात अडकला तर तिचा उपयोग. या दोन्ही मुठी डोळे मिटून, दोन्ही हातांनी, पाण्यात बुडालेल्या अवस्थेत सापडल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर कोरड्या अंगाने हे पुन्हा पुन्हा करून घ्या. माणूस उचलला जाण्याच्या बहुतेक घटना वाळूवर किंवा किनाऱ्यालगत, जास्त वाऱ्यात मोठा पतंग घेतल्यामुळे किंवा पतंग चुकून डोक्यावरून झपकन गेल्यामुळे घडतात. खोल पाण्यात, योग्य मापाच्या पतंगाला बांधलेला माणूस भिजतो आणि दमतो, उडत नाही.

तुमच्या वजनाला किती मोठा पतंग लागेल याचा ठोकताळा असा: किलोमधले वजन गुणिले २.२, भागिले वाऱ्याचे नॉट. ५८ किलोला १४ नॉटच्या वाऱ्यात ९ चौरस मीटरच्या आसपास येते. शिकताना शिक्षक याहून किंचित लहान देईल, ते योग्यच आहे. गोव्याचा वारा सौम्य असल्यामुळे वजनदार मंडळींना इथे १२, १४, कधी १७ चौरस मीटरचे पतंग लागतात. तुम्हाला हलक्या वजनाचा इथे सरळ फायदा आहे.

नारायणपेठी

खारावारा यांचे म्हणणे पटले, पण एक मुद्दा उरतो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना दहा दिवस कुठून मिळणार? जाहिरातींमध्ये तर 'तीन दिवसांत काइटबोर्डर व्हा' असे सर्रास असते. मी असा तीन दिवसांचा वर्ग केला. शाळेचे नाव घेत नाही, कारण शिकवणारा मुलगा मनापासून शिकवत होता. पण एका पतंगावर आम्ही दोघे होतो, म्हणजे दोन तासांच्या वर्गात माझ्या हाती पतंग एकच तास होता, आणि तिसऱ्या दिवशी वारा नव्हता म्हणून वाळूवर गाठी शिकवल्या. गाठी उत्तम शिकवल्या हे मान्य करतो.

खारावारा

नारायणपेठी, तीन दिवसांत ओळख होते, शिक्षण होत नाही. कधीच काही न केलेल्या माणसाला फळीवर उभे राहून थोडे अंतर जाण्यापर्यंत साधारण ९ ते १२ तास लागतात असे धरून चालावे, आणि हे तास प्रत्यक्ष पतंग हातात असण्याचे आहेत, किनाऱ्यावर बसून वाट पाहण्याचे नव्हेत. तुमच्या अनुभवातून नवीन लोकांसाठी प्रश्नांची यादीच मिळते. पैसे देण्याआधी विचारावे की एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आणि एका पतंगामागे किती, वारा आला नाही तर उरलेले तास पुढच्या खेपेला मिळतात का, शिक्षक पाण्यात बरोबर असतो की किनाऱ्यावरून ओरडतो, हेल्मेटमध्ये रेडिओ आहे का, आणि कोणी वाहत गेले तर आणायला होडी आहे का. शिक्षकाकडे आयकेओ (इंटरनॅशनल काइटबोर्डिंग ऑर्गनायझेशन) किंवा तत्सम संस्थेचे प्रमाणपत्र आहे का हेही पाहावे. आयकेओचे विद्यार्थ्यांसाठीचे टप्पे ठरलेले आहेत आणि एका शाळेत कुठवर आलात त्याची नोंद दुसऱ्या देशातल्या शाळेलाही कळते, त्यामुळे तीन दिवस इथे आणि पुढचे दिवस दुसरीकडे असे करणाऱ्यांना ती उपयोगी पडते.

दोघांत एक पतंग मात्र पूर्णपणे वाईट नाही. पहिल्या दिवशी आळीपाळीने घेतला तर हात भरून येत नाहीत आणि दुसऱ्याचे पाहून बरेच समजते. वॉटरस्टार्टपासून, म्हणजे पाण्यातून फळीवर उभे राहण्याच्या टप्प्यापासून, पुढे एकट्याचाच वर्ग घ्यावा.

मोरजीकार

किनाऱ्यावर राहणारा माणूस म्हणून लिहितो. मी हा खेळ खेळत नाही, पण गेली काही वर्षे रोज पाहतो, आणि वर कोणी न लिहिलेल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली शापोऱ्याच्या मुखाची. मोरजीचा किनारा दक्षिणेला जिथे संपतो तिथे शापोरा नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे किल्ल्याचा डोंगर खडकांसह पाण्यात उतरतो. दुपारचा वारा वायव्येचा, म्हणजे जो वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकू शकत नाही तो नवशिका दर फेरीला थोडाथोडा दक्षिणेला, म्हणजे मुखाकडेच घसरतो. भरती असताना त्यात फार काही वाटत नाही. ओहोटी लागली की नदीचे पाणी मुखातून जोराने बाहेर पडते, वारा आत ढकलतो आणि पाणी बाहेर नेते, तिथे लाटा उभ्या राहतात आणि पोहणाऱ्याचे काही चालत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, ही ओढ सर्वांत जास्त. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत कमी. म्हणून शिकणाऱ्याने मुखापासून भरपूर उत्तरेला सुरुवात करावी, दक्षिणेकडची एक खूण, एखादे झाड किंवा घर, आधीच ठरवून ठेवावी आणि तिथवर पोहोचताच पाण्यातून बाहेर येऊन किनाऱ्याने चालत परत वर जावे. चालायला लाज वाटू देऊ नये, सगळे चालतात. उत्तरेला आश्वेकडे काही ठिकाणी खडक आहेत, ते ओहोटीला पाहून ठेवावेत म्हणजे भरतीला ते कुठे आहेत हे माहीत असते.

दुसरी गोष्ट जाळ्यांची. रांपण ओढण्याचे काम चालू असते तेव्हा अर्धवर्तुळात जाळे पाण्यात असते आणि दोन्ही टोके किनाऱ्यावर माणसांच्या हातात. त्या घेरात किंवा त्याच्या अगदी जवळ पतंग पडला तर दोऱ्या जाळ्यात जातात, दोऱ्या कापाव्या लागतात आणि जाळे फाटते ते वेगळेच. रांपणकारांचे दिवसाचे उत्पन्न त्या एका ओढीवर असते. होडी पाण्यात दिसली, लोक रांगेने उभे दिसले, तर त्यांचे काम होईपर्यंत थांबावे किंवा दोनशे-तीनशे मीटर वर जावे. आधी जाऊन दोन शब्द बोललात तर कधी आवरणार हे ते स्वतःच सांगतात.

तिसरी कासवांची. आमच्या तेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून, आणि घरट्यांचे दिवस उन्हाळ्यापर्यंत चालतात. म्हणजे तुमचा हंगाम आणि त्यांचा हंगाम एकच. वनखाते घरट्यांभोवती कुंपण घालते. कुंपणाजवळ पतंग पसरू नये, दोऱ्या टाकू नयेत, पंपाने हवा भरायला तिथे सावली मिळते म्हणून बसू नये. अंधार पडल्यावर तिथे दिवे घेऊन फिरू नये.

मांडवीकाठ

मोरजीकार दादा, मुखाबद्दल लिहिलेत ते फार उपयोगी आहे, हे मला कोणत्याही चित्रफितीत सापडले नव्हते. आणखी काही प्रश्न. दुसऱ्या दिवशी वारा येणार की नाही हे आदल्या रात्री कसे कळते? फळीवर उभे राहताना नेमके काय करायचे असते? आणि चष्म्याचे काय?

खारावारा

अंदाजापासून सुरू करतो. विंडगुरू किंवा विंडी या वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या संकेतस्थळांवर मोरजी पाहिलेत तर पुष्कळदा आठ-नऊ नॉट दिसेल आणि तुम्ही निराश व्हाल. जागतिक हवामान प्रारूपांच्या चौकटी काही किलोमीटर रुंद असतात, किनाऱ्याची रेघ त्यांत ठसठशीत उमटत नाही, आणि खारा वारा तर त्या रेघेवरच जन्मतो. म्हणून अंदाजातल्या आकड्यात काही नॉटांची भर पडणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे. मी आकड्यापेक्षा तीन गोष्टी पाहतो: सकाळी आकाश निरभ्र आहे का, कारण ढगाळ दिवशी जमीन तापत नाही, अंदाजातला मूळ वारा उत्तर किंवा वायव्येचा आहे का, कारण तो खाऱ्या वाऱ्याला जोड देतो, आणि पूर्वेचा असेल तर त्याला अडवतो, आणि दुपारी एक वाजता क्षितिजाजवळचे पाणी गडद दिसू लागले आहे का. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे वारंवार दिसू लागले की वारा ११-१२ नॉटांच्या वर गेला असे समजावे. लाटांसाठी हैदराबादच्या इनकॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा अंदाज पाहावा. वारा चांगला असूनही दूरवरून आलेल्या उंच लाटा किनाऱ्यावर फुटत असतील तर तो दिवस शिकण्याचा नाही.

वॉटरस्टार्टबद्दल लिहून शिकवता येते असे नाही, पण काय अपेक्षा ठेवावी ते सांगतो. पाण्यात पाठीवर तरंगायचे, वाऱ्याकडे पाठ, पतंग बारावर स्थिर, गुडघे छातीशी, दोन्ही पाय फळीच्या पट्ट्यांत. हे एवढेच पहिल्यांदा वाटते त्यापेक्षा अवघड असते, कारण पाय अडकवताना नजर पायांकडे जाते आणि हात नकळत दांडी एका बाजूला ओढतात, की पतंग खाली. मग पतंग जायच्या दिशेच्या विरुद्ध बाजूला किंचित नेऊन, तिथून जायच्या दिशेला ठामपणे खाली आणायचा, म्हणजे उजवीकडे जायचे असेल तर अकराहून सुरू करून दीड-दोनपर्यंत. ओढ आली की ती तुम्हाला उठवते. आपण स्वतःहून उठायचा प्रयत्न केला की फळी बुडते. पुढचा पाय सरळ होत जातो, मागचा वाकलेला राहतो, आणि फळीचे नाक पतंगाच्या दिशेला ठेवायचे. हलक्या वाऱ्यात हा एक झोका पुरत नाही, पतंग लगेच वर नेऊन पुन्हा खाली आणावा लागतो, आणि गोव्यात शिकणाऱ्यांची गाडी इथेच अडते. उपाय म्हणून मोठी फळी घ्यावी. १४० ते १५० सेंटिमीटरची रुंद फळी हलक्या वाऱ्यातही लवकर पाण्यावर येते. छोटी फळी दिसायला छान असते, एवढेच.

चष्मा बांधण्याची पट्टी मिळते, पण लाटेत ती दगा देते. दिवसभर वापरून टाकून देण्याच्या काँटॅक्ट लेन्स आणि वर पट्टीचा गॉगल असे काही जण करतात. नेत्रतज्ज्ञाला विचारून ठरवावे. नंबर कमी असेल तर चष्म्याविना चालते, पण किनाऱ्यावरच्या शिक्षकाच्या हाताच्या खुणा दिसल्या पाहिजेत ही कसोटी.

हाडवैद्य_नव्हे

मी अस्थिरोगाचा डॉक्टर आहे आणि या खेळातून आलेले रुग्ण तपासलेले आहेत, म्हणून थोडक्यात. माझ्याकडे येतात ते घोटे, गुडघे आणि बरगड्या, आणि त्यांतले बरेचसे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पडून. गुडघाभर पाणी सुरक्षित वाटते, पण ओढ आली तर खाली वाळूच असते. शिकताना छातीभर पाणी बरे. ताणलेली दोरी बोटाभोवती गुंडाळू नये आणि भर ओढीतल्या दोरीला हात घालू नये, ती कापते. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट (धक्का शोषणारे जाकीट) दोन्ही घालावे. आपल्याकडे पाणी उबदार असल्यामुळे वेटसूट लागत नाही आणि त्यामुळेच लोक उघड्या अंगाने चार तास उन्हात राहतात. पूर्ण बाह्यांचा लायक्रा शर्ट घालावा, पाणी पीत राहावे. दुपारी शॅकवर बिअर घेऊन नंतर पाण्यात जाण्याबद्दल मी वेगळे लिहीत नाही. प्रवास विम्यातून साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, अट वाचून घ्यावी.

जुनी_शीड

सामान विकत घेण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पहिल्या हंगामात काहीही घेऊ नका, फार तर स्वतःच्या अंगाला बसणारा हार्नेस घ्या. दुसऱ्याचा ढिला हार्नेस बरगड्यांवर सरकतो आणि हाच त्रास पुष्कळांना 'हा खेळ आपल्याला जमणार नाही' असे वाटायला पुरेसा होतो. कमरेचा की बसण्याचा, हे दोन्ही वापरून ठरवा. बसण्याचा, म्हणजे मांड्यांत पट्टे असलेला, वर सरकत नाही.

पुढे जुना पतंग घ्यायचा झाला तर हंगामाच्या शेवटी, एप्रिल-मेमध्ये, परत जाणारे लोक विकतात. पतंग फुगवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी नळ्या तितक्याच टणक आहेत का ते पाहावे. कापड दोन बोटांत चुरून पाहावे: कागदासारखे करकरत असेल तर त्यात जीव आहे, जुन्या सुती साडीसारखे मऊ पडले असेल तर उन्हाने ते संपवले आहे. चारही दोऱ्या एका खुंट्याला अडकवून ताणाव्यात. मधल्या दोन दोऱ्या भार घेऊन लांबलेल्या असतात आणि त्यामुळे पतंग मागे ओढल्यासारखा उडतो. सुटकेची मूठ वाळू टाकून दाबून पाहावी, आणि अडखळली तर भाव न करता परत यावे. फार जुन्या बनावटीची दांडी स्वस्त मिळाली तरी नको, कारण सुटकेच्या यंत्रणा गेल्या काही वर्षांत खूप सुधारल्या आहेत.

जपणूक इथल्या दमट हवेत जास्त लागते. खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण सुकवून मगच घडी घालावी. ओला पतंग पिशवीत पावसाळाभर राहिला तर सप्टेंबरात काय बाहेर निघते ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको.

नारायणपेठी

पावसाळ्यात तर वारा सर्वांत जास्त असतो ना? जून ते सप्टेंबर का नाही? आणि ऑलिंपिकमध्ये दाखवतात तेच आपण शिकतो का?

खारावारा

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असतो, पण तो झोतांचा, समुद्र खवळलेला, लाटा किनाऱ्यावर आदळणाऱ्या आणि प्रवाह अनोळखी. गोव्यातले जलक्रीडा व्यवसाय तेव्हा बंद असतात आणि जीवरक्षकही लोकांना पाण्यात उतरू देत नाहीत. ज्यांना त्या महिन्यांत शिकायचेच आहे त्यांनी श्रीलंकेतल्या कल्पिटियाचा विचार करावा. तिथे मे ते ऑक्टोबर हाच नैर्ऋत्य वारा मिळतो आणि खाजणाचे सपाट पाणी असते. देशात रामेश्वरमला हिवाळ्यात एका बाजूला आणि उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही हंगामांत सपाट पाणी मिळते. सपाट पाण्यावर फळी लवकर जमते हे खरे आहे. मोरजीत लाटांमुळे थोडा वेळ जास्त लागतो, त्या बदल्यात लाटांतून आत-बाहेर करणे पहिल्यापासून अंगवळणी पडते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात मार्सेच्या समुद्रात, हा खेळ पहिल्यांदा आला. ती शर्यत हायड्रोफॉइलवरची, पाण्यावर उचललेल्या फळीची, आणि पतंगही नळ्यांचे नसून हवेने फुगणाऱ्या कप्प्यांचे. आपल्याला तिथवर जायला वेळ आहे.

मांडवीकाठ

सर्वांचे आभार. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून रजा टाकली आहे. शेवटचा एकच प्रश्न: मी अजून शिकत नसताना, नुसती किनाऱ्यावर उभी असताना, कोणी स्वतःच्या डोक्यावर हात थोपटत माझ्याकडे पाहिले तर त्याचा अर्थ काय? मागच्या वेळी एकाने तसे केले आणि मी नमस्कार केला.

खारावारा

त्याला पतंग उतरवायचा होता आणि तो तुमची मदत मागत होता. माहीत नसताना पुढे गेला नाहीत हे बरे केलेत. शिकल्यानंतर अशी खूण आली तर तुम्हीही डोक्यावर हात थोपटून होकार द्यावा, वाऱ्याच्या वरच्या अंगाने जावे, पतंग आणि तो चालवणारा यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये, आणि पतंग खाली येईल तसा त्याच्या पुढच्या जाड नळीचा मध्य दोन्ही हातांनी धरावा. दोऱ्या सैल पडल्या की नळी वारा येतो त्या दिशेला खाली करून पतंग वाळूवर टेकवावा आणि त्यावर लगेच दोन-तीन ओंजळी नव्हे, चांगली घमेलेभर वाळू टाकावी. पहिल्या आठवड्यात हे काम शिक्षकाच्या देखरेखीखाली इतरांसाठी वारंवार करा. शाळेत त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि पतंगाचा स्वभाव हातांना तिथेच कळतो.